गाठ छातीत, झुकते पापणी

मैत्रिणींनो, गेल्या महिन्याच्या टपालात पिपरी मेघेहून एक सहा पानी पत्र आलं. पिपरी मेघे म्हणजे वर्ध्याला अगदी लागून असलेलं गाव. सावंगी मेघे, सिंदी मेघे, बोरगाव मेघे, पिपरी मेघे, अशा या वर्ध्याभोवतीच्या चार बहिणीच म्हणा ना. पत्र लिहिणाऱ्या ताईंचं नाव देत नाही, तशी त्यांची विनंतीच आहे. मजकूर थोडक्यात असा.

त्यांच्या थोरल्या जाऊबाई ४२ वर्षांच्या. दीड वर्षापासून संध्याकाळ झाली की त्यांची डावी पापणी खाली यायची. सकाळी उठल्या की बाई टवटवीत, आणि दिवेलागणीला समोरचं एक माणूस दोन दिसायचं. चष्म्याचा नंबर दोनदा बदलून झाला. मग वेणी घालताना हात खाली येऊ लागले, दांडीवर धुणं टाकताना मध्येच थांबावं लागे. ज्वारीची भाकरी चावता चावता जबडा दमायचा आणि हनुवटीला हाताचा आधार देऊन घास संपवावा लागायचा. सासूबाई म्हणायच्या, “सकाळी तर चांगली ठणठणीत होती! स्वयंपाकाची वेळ झाली की बरी दमते!” शेवटी एका डॉक्टरांनी रक्ताची तपासणी केली, छातीचा सी.टी. स्कॅन काढला, आणि छातीच्या हाडामागे मोठ्या लिंबाएवढी गाठ निघाली. ऑपरेशन झालं. गाठ काढली. आठ-दहा दिवसांनी रिपोर्ट हातात पडला: ‘थायमोमा, टाइप बी-२, मसाओका स्टेज दोन-बी, कडा मोकळ्या.’

आता घरात दोन तट पडलेत. एक तट म्हणतो, हा कॅन्सरच, आता काय उरलं! दुसरा म्हणतो, गाठ गेली, आता शेक कशाला नि गोळ्या कशाला? आणि जाऊबाईंना यातलं कुणी काही सांगितलेलंच नाही. ताई विचारतात, “या एका ओळीचा अर्थ काय? हा कॅन्सर आहे की नाही, एवढं एका शब्दात सांगा.”

ताई, एका शब्दात सांगता आलं असतं तर मी पोस्टकार्डच टाकलं असतं. या गाठीची गंमत म्हणा, दैना म्हणा, हीच आहे की ‘आहे की नाही’ हा प्रश्न तिला नीट लागूच पडत नाही. पण त्या एका ओळीतल्या प्रत्येक शब्दाला अर्थ आहे आणि तो घरातल्या सगळ्यांनी समजून घ्यावा असा आहे.

आधी थायमस म्हणजे काय ते पाहू. या ग्रंथीला आपल्याकडे बोलीतलं नाव नाही, कारण ती कुणाच्या हाताला कधी लागतच नाही. छातीच्या मधल्या उभ्या हाडामागे, हृदयाच्या वरच्या बाजूला ती दोन पाळ्यांची होऊन बसलेली असते. जन्मतः दहा-पंधरा ग्रॅम, वयात येईपर्यंत तीस-चाळीस ग्रॅम, आणि त्यानंतर मात्र ती हळूहळू वाळत जाते. आपल्या वयाला तिथे मुख्यतः चरबीच उरते. बहुतेक इंद्रियं तरुणपणी कामाला लागतात आणि म्हातारपणी थकतात, ही बाई मात्र बालपणीच सगळं काम उरकून निवृत्त होते.

तिचं काम काय हे कितीतरी काळ कुणाला ठाऊक नव्हतं. १९६१ साली लंडनमध्ये जॅक मिलर या संशोधकाने नुकत्याच जन्मलेल्या उंदरांची थायमस काढून टाकली, तेव्हा ती पिल्लं साध्या साध्या संसर्गाने मरू लागली आणि दुसऱ्या उंदराची कातडी लावली तरी त्यांचं शरीर ती परकी म्हणून झिडकारीना. तेव्हा कळलं की थायमस ही शरीराच्या शिपायांची शाळा आहे. रक्तातल्या एका जातीच्या पांढऱ्या पेशी इथे लहानपणी येतात आणि ‘आपलं कोण, परकं कोण’ हे शिकतात. त्यांना टी-पेशी म्हणतात, तो ‘टी’ थायमसचाच. शाळा मोठी कडक आहे. जो शिपाई आपल्याच शरीरावर हत्यार उपसेल असं दिसतं, त्याला तिथेच संपवलं जातं. शंभरातले पाचसुद्धा धड पास होऊन बाहेर पडत नाहीत!

या शाळेत शिक्षकही असतात. त्या वेगळ्या पेशी, जाळीसारख्या एकमेकींना धरून उभ्या राहणाऱ्या. त्यांचं शास्त्रीय नाव एपिथेलियल पेशी, आपण शिक्षिकाच म्हणू. एवढं लक्षात ठेवा, कारण थायमोमा ही गाठ शिक्षिकांची असते, विद्यार्थ्यांची नव्हे. विद्यार्थी त्या गाठीत नुसते गर्दी करून असतात, ते बिचारे निरोगीच असतात. कधी कधी ही गर्दी इतकी दाट असते की सूक्ष्मदर्शकाखाली शिक्षिका दिसतच नाहीत आणि लिम्फोमा या अगदी वेगळ्या कर्करोगाचा भास होतो. म्हणूनच या गाठीचं निदान घाईने करायचं नसतं.

थायमसच्या गाभ्यात शिक्षिकांचेच गोल गोल वेटोळे दिसतात, कांद्याच्या पापुद्र्यांसारखे. त्यांना हॅसलचे कण म्हणतात. आर्थर हिल हॅसल या इंग्रज डॉक्टरने १८४० च्या दशकात त्यांचं वर्णन केलं. हे नाव मुद्दाम सांगते, कारण आपल्या स्वयंपाकघरावर या माणसाचे उपकार आहेत. हाच सूक्ष्मदर्शक घेऊन त्याने पुढे लंडनच्या बाजारातली कॉफी, मिरपूड, पीठ तपासलं आणि कशात काय मिसळलंय ते दुकानदारांच्या नावानिशी ‘लॅन्सेट’ साप्ताहिकात १८५१ ते १८५४ या काळात छापलं. त्यातून १८६० साली इंग्लंडात भेसळविरोधी कायदा आला. तिखटात विटेची पूड आहे की काय हे पाहणारा डोळा आणि छातीतली गाठ ओळखणारा डोळा एकच होता, बरं का!

आता जाऊबाईंच्या गाठीकडे येऊ. ऑपरेशनच्या टेबलावरून ती कुठे गेली? सर्जन गाठ काढतो, पण ती काय आहे हे पॅथॉलॉजिस्ट सांगतो. मराठीत या शास्त्राला विकृतिशास्त्र असा जडभारी शब्द आहे. हा डॉक्टर रुग्णाला बहुधा भेटत नाही, फीचं पाकीट त्याच्या हातात कुणी देत नाही, आणि तरीही पुढचे सगळे निर्णय त्याच्या दोन ओळींवर उभे असतात.

गाठ फॉर्मलिनमध्ये बुडवून येते. तिचं माप घेतात, वजन करतात. मग तिच्या सबंध बाहेरच्या अंगाला शाई फासतात. का? तर कापल्यावर आतली बाजू कुठली नि शस्त्राची कड कुठली यात घोळ होऊ नये म्हणून. नंतर काप काढतात. थायमोमाचा काप कसा दिसतो सांगू? सोललेलं संत्रं डोळ्यांसमोर आणा. वरून साल, आत पांढऱ्या पडद्यांनी वेगळ्या केलेल्या फोडी. रंग मात्र नारिंगी नाही, फिकट करडा. नागपुरी संत्र्यांच्या मुलखातल्या तुम्हा बायकांना हे चित्र जड जाऊ नये.

या कापातले निरनिराळ्या ठिकाणचे तुकडे मेणात बसवतात. त्या मेणाच्या वड्यांना ब्लॉक म्हणतात. ब्लॉकवरून मिलिमीटरच्या हजाराव्या हिश्श्याच्या तिप्पट-चौपट एवढे पातळ पापुद्रे काढतात, काचेवर चिकटवतात आणि रंगवतात. पेशीचा गर जांभळा-निळा होतो, भोवतालचं अंग गुलाबी. एवढ्यावर शंका फिटली नाही तर खास रसायनं लावतात. त्यांतली काही फक्त शिक्षिकांनाच रंगवतात, काही फक्त कोवळ्या विद्यार्थ्यांना. रिपोर्टला आठ-दहा दिवस का लागले असा तुमच्या दिरांचा सूर पत्रात दिसतो. त्यांना सांगा, हे काम कुकरच्या शिट्टीवर होत नाही.

आता ‘टाइप बी-२’. या गाठींचे प्रकार जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ साली अक्षरांनी ठरवले. ए, एबी, बी-१, बी-२, बी-३ आणि शेवटी थायमिक कार्सिनोमा. ‘ए’ मध्ये शिक्षिका लांबट, दोन्ही टोकांना निमुळत्या असतात. तुम्ही सेवाग्रामच्या शेजारणी, चरख्याची चाती पाहिली असेल, अगदी तशा. विद्यार्थी तिथे फारसे नसतातच. ‘एबी’ म्हणजे दोन्हींची सरमिसळ. ‘बी-१’ ची गाठ जवळजवळ निरोगी लहान मुलाच्या थायमससारखी दिसते, विद्यार्थ्यांची दाटी आणि मध्ये एखादीच शिक्षिका. ‘बी-२’ मध्ये विद्यार्थी पुष्कळ असतात, पण मोठाल्या शिक्षिकांचे घोळकेही उठून दिसतात. ‘बी-३’ मध्ये विद्यार्थी कमी, शिक्षिकाच शिक्षिका. ढोबळमानाने ‘ए’कडून ‘बी-३’कडे जाताना गाठीचा आगाऊपणा वाढत जातो. थायमिक कार्सिनोमा मात्र उघड उघड कर्करोग, आणि तो या सगळ्यांत विरळा. जाऊबाईंना तो नाही, हे आधी घरात मोठ्याने सांगा.

पण ताई, माझ्या मते तुमच्या रिपोर्टमधला सर्वांत मोलाचा भाग ‘बी-२’ हा नाहीच. पुढचे दोन तुकडे अधिक मोलाचे आहेत. मसाओका हे जपानी सर्जनांचं नाव. त्यांनी १९८१ साली या गाठीच्या पायऱ्या मांडल्या, आणि त्या सगळ्या एकाच प्रश्नावर उभ्या आहेत: गाठ सालीच्या आत आहे की बाहेर? पुन्हा संत्रं आठवा. सगळं सालीच्या आत, तर पहिली पायरी. साल फुटून गाठ भोवतालच्या चरबीत शिरली, तर दुसरी. त्यातही नुसत्या सूक्ष्मदर्शकाला दिसेल एवढीच शिरली तर दोन-ए, उघड्या डोळ्यांना दिसेल अशी शिरली तर दोन-बी. हृदयाचं आवरण, फुप्फुस किंवा मोठ्या रक्तवाहिन्या धरल्या तर तिसरी. छातीच्या अस्तरावर बी पेरल्यासारखे कण पसरले, किंवा रक्तातून नाहीतर लसिकेतून गाठ दूर गेली, तर चौथी. जाऊबाई दुसऱ्या पायरीवर आहेत. आणि ‘कडा मोकळ्या’ म्हणजे शाई फासलेल्या काठापर्यंत गाठ पोचलेली नाही, सर्जनच्या हातून काही मागे राहिलेलं नाही. या आजारात याहून चांगलं वाक्य रिपोर्टमध्ये सहसा लिहिलेलं नसतं. पहिल्या-दुसऱ्या पायरीवर असताना पूर्ण निघालेल्या गाठींत बहुसंख्य रुग्ण दहा वर्षं आणि त्याहूनही पुढे सुखरूप असतात.

मग कॅन्सर आहे की नाही? पूर्वी सालीच्या आतल्या थायमोमाला डॉक्टर ‘साधी गाठ’ म्हणत. पण साधी म्हटलेली गाठ दहा दहा वर्षांनी छातीच्या अस्तरावर पुन्हा उगवल्याची उदाहरणं जमत गेली, आणि २०१५ च्या जागतिक आरोग्य संघटनेच्या पुस्तकात थायमोमाच्या सगळ्या मुख्य प्रकारांना घातक गटातच नोंदवलं गेलं. तेव्हा कागदोपत्री उत्तर ‘हो’. पण तुमच्या घरात ‘कॅन्सर’ म्हटल्यावर जे चित्र उभं राहतं, दोन-चार महिन्यांत माणूस झिजून जाण्याचं, ते चित्र इथे लावलं तर ते धादांत खोटं ठरेल. ही सावकाश वाढणारी गाठ आहे. ती पूर्ण निघाली तर बाई संसार करते, नातवंडं पाहते. फक्त तिच्याकडे पाठ फिरवायची नसते.

आता पापणीचं कोडं. गाठ छातीत आणि झुकते पापणी, हे कसं? गाठ डोळ्याची शीर दाबत नाही. इथे पुन्हा शाळाच आठवा. शिक्षिकाच बिघडल्या, तर परीक्षा कोण घेणार? नापास व्हायचे ते शिपाई पास होऊन बाहेर पडतात आणि त्यांच्या चिथावणीने शरीर आपल्याच स्नायूंविरुद्ध अँटिबॉडी नावाची अस्त्रं तयार करू लागतं. मज्जातंतूचा निरोप एका रसायनामार्फत स्नायूच्या दारापर्यंत येतो. दारावरच्या कड्यांवर ही अस्त्रं चिकटून बसतात, कड्या मोडतात. विश्रांतीनंतर पहिले काही निरोप पोचतात, म्हणून सकाळी बाई ताजीतवानी. वापरता वापरता निरोप कमी पडतात, म्हणून संध्याकाळी पापणी खाली, जबडा सैल, आवाज नाकातला. या आजाराला मायस्थेनिया ग्रेव्हिस म्हणतात. अमिताभ बच्चन यांना १९८० च्या दशकात हाच आजार झाला होता, ते त्यांनी स्वतःच सांगितलेलं आहे, आणि त्यानंतर त्यांनी किती काम केलं ते तुम्ही जाणताच.

सासूबाईंना हा परिच्छेद जरूर वाचून दाखवा. “स्वयंपाकाच्या वेळेला बरी दमते” हे त्यांचं निरीक्षण शंभर टक्के बरोबर होतं, अर्थ तेवढा उलटा लावला होता. डॉक्टरसुद्धा हेच विचारतात: थकवा वापराने वाढतो का, विश्रांतीने उतरतो का? कामचुकार माणूस कामाआधी थकतो. हिचे हात वेणी घालता घालता थकतात.

पापणी झुकली म्हणजे छातीत गाठ आहेच, असं मात्र कुणी धरून चालू नका. मायस्थेनियाच्या शंभर रुग्णांत दहा-पंधरा जणांनाच थायमोमा निघतो. उलट थायमोमा असलेल्या साधारण तिघींतल्या एकीला मायस्थेनिया होतो. म्हणून निदान झालं की प्रत्येकीच्या छातीचा स्कॅन करतात. आणि छातीत अशी गाठ दिसली, तर काही लक्षण नसलं तरी ऑपरेशनपूर्वी त्या अँटिबॉडीसाठी रक्त तपासतात, नाहीतर भूल दिल्यावर श्वासाचे स्नायू दगा देऊ शकतात. कुणावर ही पाळी आलीच तर “ती रक्ताची तपासणी झाली का?” एवढं विचारायला लाजू नका.

गाठीचा आणि पापणीचा हा संबंध डॉक्टरांना तरी कुठे लवकर उमगला! १९०१ साली जर्मनीत मायस्थेनियाने गेलेल्या एका माणसाच्या शवविच्छेदनात वायगर्ट यांना थायमसची गाठ दिसली. पण ती काढून पाहावी, हे धाडस व्हायला पस्तीस वर्षं जावी लागली. १९३६ साली अमेरिकेत नॅशव्हिलला आल्फ्रेड ब्लॅलॉक यांनी एका तरुणीच्या छातीतून अशी गाठ काढली आणि ती मुलगी सुधारली. गोळ्यांची कथा त्याआधीची, आणि ती एका बाईची आहे. लंडनजवळ ग्रिनिचच्या सेंट आल्फेज इस्पितळात मेरी वॉकर नावाची एक साधी, पदाने धाकटी डॉक्टरीण होती. तिच्या मनात आलं की मायस्थेनियाची लक्षणं क्युरारी या विषाच्या परिणामांसारखीच दिसतात, मग त्या विषावरचा उतारा इथे का चालू नये? १९३४ साली तिने तो टोचून पाहिला. झुकलेली पापणी थोड्याच वेळात उघडली! आज जाऊबाई घेतात त्या पायरिडोस्टिग्मीनच्या गोळ्या त्याच घराण्यातल्या. त्या निरोपाचं रसायन लवकर मोडू देत नाहीत. अस्त्रं त्या नष्ट करत नाहीत, म्हणून त्या वेळच्या वेळी घ्याव्या लागतात.

यातच तुमच्या दिरांचं उत्तर आहे. गाठ गेली, तरी तिच्या शाळेतून आधीच बाहेर पडलेले शिपाई रक्तात आहेत. ते शांत व्हायला महिने, कधी वर्षं लागतात. कुणाच्या गोळ्या सुटतात, कुणाच्या कमी होतात, कुणाला आणखी औषधं लागतात. गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करणं म्हणजे श्वासाशी खेळ.

शेकाबद्दल सरळ सांगते. दुसऱ्या पायरीची पूर्ण निघालेली गाठ असेल तर शेक द्यावाच, असं सगळे तज्ज्ञ म्हणत नाहीत. काही देतात, काही नुसतं लक्ष ठेवतात. साल उघड उघड फुटलेली आणि प्रकार बी-२, हे पाहून तुमच्या डॉक्टरांनी तो सुचवला असेल तर त्यात वावगं काही नाही. त्यांना विचारा, “दिला तर फायदा किती, न दिला तर धोका किती?” उत्तर ऐकायला जाऊबाईंनाच सोबत न्या. छाती त्यांची, गाठ त्यांची, रिपोर्ट त्यांचा. बेचाळीस वर्षांची बाई, दोन मुलांची आई, तिच्यापासून तिचाच आजार लपवायचा ही कसली माया? मला तर हे मुळीच पटत नाही. तिला माहीत नसेल तर पुढच्या दहा वर्षांच्या तपासण्यांना ती जाणार तरी कशाला?

ताईंचा आणखी एक प्रश्न आहे: हे आलं कशाने? चुलीचा धूर, उरलेलं अन्न, मोबाईल, नजर, असं सगळं त्यांनी विचारलंय. थायमोमा वर्षाला दहा लाख माणसांत एक-दोघांनाच होतो, आणि खाण्यापिण्याची किंवा वागण्याची कुठलीही सवय त्याला कारण असल्याचं आजवर ठरलेलं नाही. सवयींतून होणारे कर्करोग वेगळे, आणि ते ओळखण्यात आपल्या मराठी माणसाचा मोठा वाटा आहे. परळच्या टाटा रुग्णालयाच्या प्रयोगशाळा उभ्या करणाऱ्या डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी १९४५ साली धोतराच्या घट्ट गाठीने कमरेला होणाऱ्या कर्करोगाबद्दल लिहिलं होतं. आणि अगदी तुमच्या दाराशी, वर्ध्याच्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयाच्या डॉक्टरांनी बिहारमधल्या मधुबनीच्या डॉक्टरांबरोबर २०२४ साली दोन वयस्कर बायकांबद्दल लिहिलं. कमरेला वर्षानुवर्षं करकचून बांधल्याने त्वचेला जखम झाली आणि तिथेच कर्करोग निघाला. तेव्हा मैत्रिणींनो, परकराची नाडी सैल बांधा, जमल्यास रुंद पट्टा लावा, आणि कमरेवरची न भरणारी जखम डॉक्टरांना दाखवा. थायमसच्या बाबतीत मात्र जाऊबाईंनी काही केलं नाही आणि काही चुकवलं नाही. हा आजार सहसा मुलांकडेही जात नाही, त्यामुळे त्यांच्या बारा वर्षांच्या लेकीचा स्कॅन काढायची गरज नाही.

लेकरांवरून आठवलं. तान्ह्या बाळाच्या छातीच्या एक्स-रेत हृदयाच्या वर रुंद सावली दिसली, तर ती बहुतेक वेळा निरोगी थायमसच असते. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेत तिलाच आजार समजून हजारो बाळांना क्ष-किरणांचा शेक दिला गेला, आणि पुढे त्यांच्यातल्या काहींना गळ्यातल्या थायरॉईडचा कर्करोग झाला. कारण काय, तर विच्छेदनाला येणारी प्रेतं बहुधा गोरगरिबांची, आजाराने झिजलेल्यांची. उपासमारीत थायमस आक्रसते. तीच आक्रसलेली थायमस डॉक्टरांनी ‘नेहमीची’ धरली आणि धष्टपुष्ट बाळाची थायमस त्यांना भलतीच मोठी वाटली!

आता पिपरीच्या ताईंसाठी आणि अशा घरांतल्या इतर बायकांसाठी काही कामाच्या गोष्टी. रिपोर्टचा मूळ कागद, रंगवलेल्या काचा आणि मेणाचे ब्लॉक यांची चौकशी करा. अशी गाठ विरळ असते, त्यामुळे पुष्कळ पॅथॉलॉजिस्टांना ती वर्षांतून एखादीच पाहायला मिळते. शंका असेल तर त्याच काचा नि ब्लॉक मुंबईच्या टाटा रुग्णालयासारख्या ठिकाणी दाखवून दुसरं मत घेता येतं, आणि त्यात पहिल्या डॉक्टरांचा अपमान होत नाही. काचा मऊ कापडात गुंडाळून डब्यात ठेवा. मेणाचे ब्लॉक मात्र वर्ध्याच्या मे महिन्यात लोखंडी कपाटात ठेवू नका, ते मऊ पडतील. घरातल्या थंड कोपऱ्यात ठेवा, नाहीतर इस्पितळातच राहू द्या.

उन्हाळ्याने मायस्थेनिया बळावतो. पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसवर गेला की जाऊबाईंचा स्वयंपाक सकाळी गोळीनंतरच्या दोन तासांत उरकू द्या, दुपारचा ओटा दुसरीने सांभाळा. भाकरी दुधात किंवा वरणात कुस्करून द्या, जेवताना बोलायला लावू नका, ठसका लागतो. श्वास अपुरा पडू लागला किंवा पाणी गिळता येईना, तर सकाळची वाट न पाहता इस्पितळ गाठा.

स्कॅनची तारीख कालनिर्णयवर दुधाच्या हिशेबाशेजारीच लिहा, आणि वर्ष संपलं की नव्या कालनिर्णयवर उतरवा, निदान दहा वर्षं तरी.

आणि औषधाच्या दुकानातून परस्पर काही आणू नका. ताप-खोकल्याला आपण सहज घेतो ती ॲझिथ्रोमायसिन, जुलाबावरची सिप्रोफ्लॉक्सासिन, जेंटामायसिनची सुई, हिवतापावरची क्लोरोक्विन आणि क्विनाइन, रक्तदाबाच्या काही गोळ्या, यांनी मायस्थेनिया एकाएकी चिघळू शकतो. ही नावं मोठ्या अक्षरांत एका कागदावर लिहून जाऊबाईंच्या पर्समध्ये ठेवा, त्यावर ‘मला मायस्थेनिया आहे’ असं लिहा, आणि दाताच्या डॉक्टरकडे गेल्या तरी तो कागद आधी पुढे करायला सांगा.